समुद्राखालचा ज्वालामुखी पाण्याने विझत का नाही?

आपण विचारले आहे की वर दोन-तीन किलोमीटर पाणी असतानाही समुद्रतळावरचा ज्वालामुखी विझत का नाही, आणि मुळात तो तिथे तयार कशामुळे होतो. सोलापुरातल्या एका शाळेत मी सव्वीस वर्षे भूगोल शिकवला. नववीच्या वर्गात हा प्रश्न जवळपास दरवर्षी निघत असे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

अडचण ‘ज्वालामुखी’ या शब्दापासूनच सुरू होते. ज्याच्या मुखात ज्वाळा आहेत असे नाव ठेवल्यावर तिथे काहीतरी जळत असणार आणि पाणी पडले की ते विझणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तिथे सुमारे १२०० अंश सेल्सिअस तापमानाचा वितळलेला खडक बाहेर येत असतो. लोहाराच्या भट्टीतून काढलेले लोखंड जसे जळत नसतानाही लालबुंद दिसते, तसाच तोही केवळ उष्णतेने लाल असतो. त्याला हवा लागत नाही आणि इंधनही लागत नाही. पाणी त्याला फक्त थंड करू शकते, आणि तेही वरवर. पृष्ठभागावर काही क्षणांत काचेसारखे कवच धरते, आतला रस मात्र वाहता राहतो, कवचाला तडा देऊन पुढे सरकतो आणि त्याचा नवा गोळा तयार होतो. असे गोळे एकावर एक साचत गेले की लोड-तक्के रचून ठेवल्यासारखा खडक बनतो. हा आकार दिसला की तो लाव्हा पाण्यात थिजला होता, हे भूशास्त्रज्ञ ओळखतात.

खोल पाण्यात मोठा स्फोटही सहसा होत नाही, कारण दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. अडीच हजार मीटर खोलीवर हा दाब अडीचशे पट होतो आणि पाण्याची वाफ होऊन ते फुगू शकत नाही. १९७९ साली ‘अल्विन’ या पाणबुडीतून मेक्सिकोजवळच्या प्रशांत महासागराच्या तळाशी काळ्या पाण्याचे झरे सापडले. त्यांचे तापमान साडेतीनशे अंशांच्या आसपास होते, तरी ते पाणी उकळत नव्हते. धोका उथळ पाण्यात जास्त असतो. १५ जानेवारी २०२२ रोजी प्रशांत महासागरातील टोंगा या द्वीपदेशाजवळ हुंगा टोंगा या ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा त्याचे मुख जेमतेम दीडशे मीटर खोल होते आणि राखेचा व वाफेचा लोट सुमारे ५७ किलोमीटर उंच गेला.

आता दुसरा भाग, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भूकवचाखाली सगळीकडे शिलारसाचा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा, समुद्र आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते आणि ती चुकीची आहे. प्रावरण, म्हणजे भूकवचाखालचा खडकाचा जाड थर, घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून जातात, हा त्याचा स्पष्ट पुरावा होय. तो खडक वितळण्याइतका तापलेला असतो, परंतु वरच्या दाबामुळे घनच राहतो, आणि घन राहूनही वर्षाला काही सेंटीमीटर इतक्या संथपणे सरकतो. जिथे दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचे सरकणारे मोठे तुकडे, एकमेकांपासून दूर जातात, तिथे खालचे प्रावरण त्या जागी वर येते, दाब उतरतो आणि नवी उष्णता न मिळताही खडकाचा काही भाग वितळतो. कुकरमधले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही दाबाखाली शांत असते आणि दाब अचानक सुटला की उसळून उकळते, तसेच काहीसे. अशा जागांची पर्वतरांग सर्व महासागरांतून मिळून सुमारे ६५,००० किलोमीटर लांब आहे, आणि पृथ्वीवर बाहेर पडणाऱ्या लाव्हाचा फार मोठा वाटा तिथेच, कोणाच्या नजरेस न पडता, बाहेर येतो.

शिलारस वर येऊन भूपट्टांना ढकलतो, असे मीही सुरुवातीची काही वर्षे शिकवत होतो. मुख्य ओढ मात्र दुसऱ्या टोकाची असते: जुना, थंड आणि जड झालेला समुद्रतळ प्रावरणात बुडतो आणि मागच्या भूपट्टाला ओढून नेतो. समुद्रतळ पसरतो याचा भक्कम पुरावा आपल्या शेजारच्या समुद्रातून मिळाला, हे मी वर्गात आवर्जून सांगत असे. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज या ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी १९६३ साली तळाच्या खडकातील चुंबकीय पट्ट्यांचा (थिजताना पृथ्वीच्या चुंबकत्वाची तेव्हाची दिशा खडकात कोरली जाते, त्यातून बनलेल्या आलटून-पालटून उलट दिशेच्या पट्ट्यांचा) अर्थ लावला, तो हिंदी महासागराच्या वायव्य भागातील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेच्या मोजणीवरून.

भूपट्ट जिथे बुडतो तिथेही ज्वालामुखी होतात, पण कारण निराळे असते. बुडणाऱ्या खडकाबरोबर गेलेले पाणी वरच्या प्रावरणात शिरते आणि त्याचा वितळणबिंदू खाली आणते, जसे कुल्फीवाल्याने बर्फात मीठ घातले की शून्याखालीही बर्फ वितळू लागतो. अंदमानातील बॅरन बेट, म्हणजे भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी, याच प्रकारचा आहे. पाण्यावर दिसतो तो त्याचा केवळ माथा.

तिसरा प्रकार आपल्या पायाखालच्या खडकाशी जोडलेला आहे. सोलापूरच्या आसपास विहीर खणताना मुरूम संपल्यावर जो काळा पाषाण लागतो, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, जमिनीवर वाहिलेला लाव्हा आहे. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते तेव्हा भारत प्रावरणातील एका अतितप्त प्रवाहावर होता. पुढे भारत उत्तरेकडे सरकला आणि त्या प्रवाहाने मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस असा पाण्याखालच्या ज्वालामुखी डोंगरांचा माग सोडला. आज तो प्रवाह हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वारंवार जागा होतो. ते बेटही सुमारे चार किलोमीटर खोल समुद्रतळावरून थरावर थर चढत पाण्याबाहेर आलेले आहे. आपण विचारता तसा, पाण्याखाली दडलेला ज्वालामुखी म्हणूनच त्याची सुरुवात झाली.