65 मिलिमीटरची कादंबरी

चिरंजीव लेखकराव,

अनेक आशीर्वाद. हस्तलिखित मिळालं, वाचलं. भाषा चांगली जमलीय, आईचं पात्र तर फारच. पण 2190 सालची तुझी मंगळावरची वसाहत वाचता वाचता मी मधेच चहाला उठलो आणि परत येऊन बसायची घाई काही झाली नाही. थरारकथेला याहून वाईट शेरा नसतो, म्हणून तो आधीच देऊन मोकळा होतो.

मंगळावर तू राजा आहेस. हवामान तुझं, कायदे तुझे, नायक अडकला की सोडवणारं यंत्रही तुझंच. वाचक तिथं तुला अडवणार कशाच्या जोरावर? आता हीच गोष्ट 2031 साली परभणीत घडव. पहिल्या पानापासून तो सरसावून बसेल. तहसीलच्या पायऱ्या, सेतूतली रांग, ‘सर्व्हर डाऊन’ची चिठ्ठी, सगळं त्याच्या पायाखालचं आहे. एक जरी तपशील चुकलास तर तो तुला पकडणार. आणि पकडायला सापडलंच नाही, सगळं जुळत गेलं, की त्यात मिसळलेली ती एकच न घडलेली गोष्टसुद्धा त्याला खरी वाटायला लागते. मग रात्री दीडला दिवा चालूच. उद्या-परवाच्या काळातल्या विज्ञानथराराची ओढ मला तरी इथंच दिसते. लोक म्हणतात, त्यात भाकीत असतं म्हणून वाचतो. भाकीत हवं असेल तर घरात पंचांग आहे की.

आपल्या मुलखात तर वास्तवच अनेकदा कादंबरीच्या पुढं निघून गेलंय. 2013 साली परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. मार्च 2016 मध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, एकेकीत 50 हजार लिटर. दहा वर्षं आधी कुणी हे लिहून दिलं असतं, तर संपादकानं ‘अतिरंजित’ असा शेरा मारून साभार परत केलं असतं.

तुझ्यासाठी एक बीज राखून ठेवलंय. 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की त्या महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, अतिवृष्टी धरतात. पंचनामे, मदत, सगळं त्या आकड्यामागून चालतं. आकडा देणारं यंत्र बहुधा अख्ख्या मंडळात एकच. इकडच्या शिवारात धो धो आणि तिकडं यंत्र कोरडं, ही तक्रार तू गावात ऐकलीच असशील. ते यंत्र कधी जवळून बघितलंयस? वर नरसाळं, खाली तराजूसारखी दोन चिमुकली पारडी. एक भरलं की कलंडतं, दुसरं वर येतं. प्रत्येक कलंडीला आत एक ठोका नोंदला जातो आणि ठोक्यांची बेरीज म्हणजे पाऊस. मधे माणसाचा हात नाही, म्हणून सगळ्यांचा भरवसा. पण कुंभारीण माशीनं नरसाळ्याच्या भोकात चिखलाचं घर केलं, की आभाळ फाटलं तरी पारडं जागचं हलत नाही.

आता साल घे 2031. भरपाई ठरवायचं काम माणसांकडून काढून घेतलंय. आकडा 65 च्या वर गेला की रातोरात पैसे खात्यावर, नाही गेला तर अपील नाही. एका मंडळात तो 64.5 वर थांबलाय. सोयाबीन गुडघाभर पाण्यात, गंजी वाहून गेलेल्या. लोक यंत्राभोवती जमलेत. तंत्रज्ञ झाकण काढतो, नरसाळ्यात चिखल. माशीचं घर म्हणून तो खरवडायला जातो आणि थबकतो. चिखलावर बोटाचा ठसा आहे.

यात तू नवीन असं काय रचलंस? फक्त ‘अपील नाही’ एवढंच. यंत्र आजचं, पाऊस आजचा, बदलला तो एक नियम. भीती तिथून येते. एका कादंबरीत असा एकच बदल पुरे. मंगळावर तू सतरा बदल केलेत आणि त्यातला एकही माझ्या लक्षात नाही.

आणि ठसा कुणाचा? मुंबईच्या काचेच्या इमारतीतला टाय लावलेला खलनायक आणशील तर पुस्तक तिथंच मिटेन. ठसा अशा माणसाचा निघू दे, ज्याचं स्वतःचं सोयाबीन त्याच पाण्यात आहे. त्यानं हे का केलं, हे उलगडण्यातच तुझी दोनशे पानं जातील.

दुसरं बीज ढगांचं. संभाजीनगरहून 2015 आणि 2019 मध्ये कृत्रिम पावसासाठी विमानं उडाली, हे तुला ठाऊक आहे. पण 1967 ते 1972 या काळात अमेरिकेनं व्हिएतनामच्या युद्धात शत्रूच्या वाटा चिखलात रुतवायला पावसाळा लांबवायचा प्रयत्न केला होता, हे बहुतेकांना माहीत नसतं. पुढं हवामान असं शस्त्र म्हणून वापरायला बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला, 1978 पासून तो लागू आहे. आता बघ, ती बंदी दोन देशांमध्ये. दोन तालुक्यांमध्ये काय? जायकवाडीत वरून पाणी सोडायचं म्हटलं की नाशिक-नगर आणि आपण कसे भांडतो! धरणातल्या पाण्याला निदान वाटपाचे नियम आहेत. ढगाचा सातबारा कुणाच्या नावावर?

औंढ्याजवळच्या लायगो-इंडिया या वेधशाळेचा मोह तुला होणार. शेजारी वसमतकडं पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात आणि इथं अंतराळातल्या गुरुत्वीय लहरी टिपायला 4-4 किलोमीटरच्या दोन भुजा उभ्या राहणार. जोडी भारीच आहे. पण ते लेझरचं गणित समजावण्यात पन्नास पानं जातील. पहिल्या पुस्तकात नको. किल्लारीला तर हातच लावू नकोस. 1993 ची ती पहाट सोसलेली माणसं आपल्यात आहेत, त्यांचं दुःख थरारासाठी वापरू नये असं माझं मत. पटलं नाही तर ये, वाद घालू.

तोवर एक काम कर. पीक विम्याचे, मदतीचे शासन निर्णय काढून वाच. कंटाळा येईल, पण ‘तथापि’ आला की तिथून पुढं जपून वाच, निम्मी कथानकं तिथंच दडलेली असतात. तलाठ्यासोबत एक पंचनामा बघून ये. तुझा शास्त्रज्ञ दोन-दोन पानं व्याख्यान देतो, ते बंद कर. जे समजावायचं ते भांडणात येऊ दे. रागावलेला माणूस कमी शब्दांत बोलतो.

मंगळाची वही फेकू नकोस. आईला तेवढं तिथून उचल आणि त्या मंडळात चार एकर सोयाबीन पेरायला लाव. दिवाळीच्या आत पहिली चाळीस पानं पाठव, आणि टाईप करून पाठव रे बाबा, तुझं अक्षर माझ्या डोळ्यांना आता झेपत नाही.

तुझे,
सर