मिरवणूक राहू दे, आधी कपाट रिकामं कर

पत्र:

"ताई नमस्कार, नाव-गाव छापू नका, सातारा जिल्हा एवढं लिहिलं तरी चालेल. माझा मोठा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार आहे, 24 वर्षं सर्व्हिस झाली, ह्या महिनाअखेरीला रिटायर होतोय. आम्ही घरच्यांनी आणि गावातल्या पोरांनी ठरवलंय की स्वागत असं करायचं की तालुक्याने बघितलं पाहिजे. ओपन जीप, डीजे, जेसीबीतनं फुलं, चौकात 20 बाय 10 चा फ्लेक्स, आमदारसाहेबांच्या हस्ते सत्कार, मग गावजेवण. पावणेदोन लाखाचं बजेट आहे आणि ॲडव्हान्स देऊन झालाय. आणि दादा फोनवर म्हणतो काही करू नका, मी बेळगाववरनं कागदपत्रं उरकून रात्रीच्या एसटीने येतो. यावरनं दोनदा भांडण झालं. वहिनीला म्हटलं तुम्ही समजावा, तर ती म्हणते तुमचं तुम्ही बघा. म्हणजे आमच्या भावनेला किंमतच नाही का? दादा तसा साधा आहे, त्याला काही लागत नाही, सुट्टीला आला की हॉलमध्ये सोफ्यावर झोपतो, कपडेसुद्धा ट्रंकेतनंच काढून घालतो, कपाटाची कटकट नाही. सियाचिनला राहून आलेला माणूस, त्याला कुठंही झोप लागते. वरच्या दोन खोल्यांपैकी एकीत आम्ही दोघं आणि दुसरीत माझा मुलगा, त्याचा नीटचा अभ्यास चालू आहे. वहिनी आणि पुतणी आईच्या खोलीत असतात. दादासाठी पुण्यात सिक्युरिटी सुपरवायझरची जागापण बघून ठेवलीय, 15 तारखेपासून जॉईन होता येईल. एवढं सगळं करून माणूस तोंड फिरवत असेल तर त्याला मिरवणुकीला तयार कसं करायचं ते सांगा."

उत्तर:

तुला अरे-तुरे करते, राग मानू नको, आणि मानलास तरी चालेल कारण पुढचं वाचून तो येणारच आहे.

जीप, डीजे, जेसीबी, फ्लेक्स, आमदार हे सगळं तू अगदी मापासकट लिहिलंयस, फ्लेक्स किती बाय किती तेसुद्धा. आणि मधेच जाता जाता एक अर्धी ओळ टाकलीस, कपडे ट्रंकेतनंच काढून घालतो, कपाटाची कटकट नाही. मी तिथंच थांबले. तुझं बाकीचं पत्र मला त्यापुढं दिसेनासंच झालं.

ती ट्रंक मी बघितलेली आहे. तुझ्या दादाची नाही, पण आमच्या माहेरच्या आळीत घरटी एक फौजी, त्यामुळे सगळ्यांच्या ट्रंका सारख्याच. काळा पत्रा, वरती पांढऱ्या ऑइलपेंटने आर्मी नंबर, रँक, नाव, कोपरे ट्रेनमध्ये ढकलून ढकलून चेपलेले, कडीला छोटं कुलूप. बराकीत चारपाईखाली ती असते कारण तिथं प्रत्येकाच्या वाट्याला जागाच तेवढी असते, आणि उद्या हुकूम आला की उचलायची आणि निघायचं. आता मला सांग, स्वतःच्या घरी आल्यावरपण माणूस तिच्यातनंच चड्डी-बनियन काढत असेल तर तो साधा आहे म्हणून की त्याला ठेवायला फळीच दिली नाही म्हणून? तू कधी विचारलंस का? नाही ना. तू ठरवूनच टाकलंस की त्याला लागत नाही. ज्याला काही लागत नाही असं घरात एकदा ठरलं ना, की त्याच्या वाट्याचं सगळं हळूहळू बाकीच्यांच्यात वाटलं जातं, कोणी वाईट नसतं, कोणी हिसकावून घेत नाही, पण वाटलं जातं.

हिशोब करू थोडा. जवानाला वर्षाला 60 दिवस ॲन्युअल लीव्ह आणि 30 दिवस कॅज्युअल, तीपण सगळी मंजूर झाली तर. सगळीच्या सगळी मिळाली असं धरलं तरी 24 वर्षांत जेमतेम 6 वर्षं तो घरी राहिला. आणि ती तरी कशी, कोणाचं लग्न, आईचं डोळ्याचं ऑपरेशन, बोअरची मोटर जळालेली, बँकेतली सही, तुमची सगळी तुंबलेली कामं त्या सुट्टीची वाट बघत बसलेली असतात, तो येतो आणि ती करतो आणि रात्री सोफ्यावर आडवा होतो. बायको आतल्या खोलीत सासूजवळ. मग नवरा-बायकोने बोलायचं कुठं रे? रात्री अकरा वाजता तुझा मुलगा पाणी प्यायला खाली येणार, पहाटे आई उठून चहा टाकणार. पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत ठिकाणी, पोस्टिंग असताना फॅमिली क्वार्टर मिळालं असेल तर तेवढी एक-दोन वर्षं त्यांचा संसार झाला असेल, नाहीतर तोही नाही. वहिनी "तुमचं तुम्ही बघा" म्हणाली ह्याचं तुला नवल वाटतंय. मला ती एवढंच म्हणाली ह्याचं नवल वाटतंय.

आणि ते सियाचिनचं वाक्य. ते तू लिहायला नको होतंस. 1984 ला ऑपरेशन मेघदूत झालं तेव्हापासून आपली माणसं तिथं बसलेली आहेत, उणे 50 पर्यंत पारा जातो, गोळीपेक्षा जास्त जीव थंडीने, विरळ हवेने आणि हिमकड्यांनी घेतलेत. तिथल्या पोस्टवर जवानाला साधारण तीन महिने ठेवतात आणि खाली आणतात, कारण माणसाच्या शरीराला त्याहून जास्त झेपत नाही हे फौजेलासुद्धा कळतं. तुम्ही त्याला हॉलमध्ये किती वर्षं ठेवलंय?

तिथं झोपला तो ड्यूटी म्हणून झोपला. घरी त्याची ड्यूटी नाहीये सोफ्यावर.

वरच्या मजल्याचा स्लॅब कुणाच्या पैशातनं पडला हे तू लिहिलेलं नाहीस. मी विचारतपण नाही. आपल्या भागात अर्धे स्लॅब फौजेच्या पगारातनं, फंडातनं, एजीआयच्या, म्हणजे आर्मीच्या ग्रुप इन्शुरन्सच्या, लोनमधनं पडलेत हे मला माहितीय, तुझा त्यात असेल नसेल. नसला तरी माझं म्हणणं बदलत नाही.

आता पुण्याच्या नोकरीचं. महिनाअखेरीला जीपमधनं आणायचा आणि 15 तारखेला परत ट्रंक उचलून पुण्याला पाठवायचा. म्हणजे गावात येऊन पंधरा दिवस, ही तर नेहमीच्या सुट्टीपेक्षापण कमी झाली! चाळिशीतला माणूस आहे, नोकरी तो करेलच, पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी, मुलीचं शिक्षण पुढं आहे, घरी बसून भागणार नाही हे त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. पण कुठली, कधी आणि करायची की नाही ते तो ठरवेल. मेस्को म्हणजे माजी सैनिकांचं सरकारी महामंडळ आहे, बँकेतली गार्डची कामं आहेत, माजी सैनिकांसाठी सरकारी भरतीत राखीव जागा आहेत, आणि कदाचित त्याला शेतीच करायची असेल, तू विचारलंयस का? 24 वर्षं त्याची पोस्टिंग दुसऱ्या कुणीतरी काढली. आता तू काढायला लागलास. हे मला सगळ्यात जास्त लागलं, खरं सांगते, कारण तुझ्या मनात हे वाईट हेतूने आलेलं नाही, काळजीनेच आलंय, आणि तरीही ह्या घरात तो कायमचा राहणार आहे हे गणित तुझ्या डोक्यात एकदाही आलेलं नाही.

तू म्हणशील ताई, आमचा जिल्हा फौजींचा मान राखणारा आहे. आहे ना, मला सांगतोस? साताऱ्याजवळ अपशिंगे आहे, ज्याच्या नावातच मिलिटरी लागतं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावची 46 माणसं गेली, आजही घराघरातनं पोरं भरती होतात, गावात स्मारक आहे. मान राखायची आपल्याला सवय आहे. पण गेलेल्यांचा मान सोपा असतो, त्यांना खोली लागत नाही. जो धडधाकट परत येतोय, चाळिशीचा आहे, घोरतो, सकाळी पाचला उठून भांडी वाजवतो, सगळ्यांना शिस्त लावायला बघतो, त्याला घरात सामावून घ्यायचं म्हणजे सगळ्यांनाच जरा सरकावं लागतं. डीजेला सरकावं लागत नाही, एका दिवसाचं काम, संध्याकाळी स्पीकर उतरवले की संपलं.

त्याला मिरवणूक का नको ह्याचा मला अंदाज आहे. पलटणीने त्याला निरोप दिला असणार, बडाखाना म्हणजे सगळ्या पलटणीचं एकत्र जेवण झालं असणार, ज्यांच्याबरोबर बर्फात बसला त्या पोरांनी खांद्यावर घेतलं असेल, सीओ साहेबाने, पलटणीच्या प्रमुखाने, हात मिळवला असेल. सन्मान त्याला मिळालाय. घरी तो सन्मानासाठी येत नाहीये, राहायला येतोय. आणि कुठं राहायचं हे त्याला माहीत नाही म्हणून रात्रीच्या एसटीने येतोय, कारण चार हजार माणसांसमोर जीपमधनं उतरून हार गळ्यात घेऊन मग सोफ्यावर जाऊन झोपायचं हे फार अवघड जातं रे. माझा अंदाज चुकीचा असेल, त्याला खरंच गर्दी आवडत नसेल. पण अंदाज खरा की खोटा ते तपासायला एक खोली रिकामी करावी लागते.

तर आता तू काय करायचंस. दादाला मिरवणुकीला तयार करायचं नाही, त्या विषयावर एक फोन नाही. येत्या रविवारी वरची खोली रिकामी कर. मुलाचं टेबल खाली हॉलमध्ये येईल, हॉलमध्ये दंगा होत असेल तर साताऱ्यात अभ्यासिका आहेत, तिथं महिन्याची फी भर, नीटचा अभ्यास करणारी अर्धी पोरं तिथंच बसलेली असतात. मुलगा कुरकुर करेल, करू दे. बायको बोलेल, तिच्याशी तू बोल, वहिनीच्या अंगावर ते ढकलू नको. दादा "अरे कशाला, पोराचा अभ्यास आहे" असं म्हणणार हे नक्की, म्हणून त्याला विचारायचंच नाही, येण्याआधी करून ठेवायचं. एक डबल बेड, एक लोखंडी कपाट, आतल्या लॉकरचं, किल्ली चालणारं. आणि ते कपाट पूर्ण रिकामं, खालच्या खणात तुमच्या जुन्या रजया कोंबलेल्या नकोत, मला माहितीय तुम्ही काय करता ते. किल्ली वहिनीच्या हातात. तिचं सामान तिने आधी लावू दे, तिची पण कुठं जागा होती आजपर्यंत.

पुतणीला विचार तिला कुठं झोपायचंय, आजीजवळ की आईजवळ. एवढी मोठी मुलगी, तिलापण कोणी विचारलेलं नसणार.

कपाट कपड्यांसाठीच असं समजू नको. रिटायर झालेल्या फौजीची पहिले सहा महिने कागदांचीच लढाई असते. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, पेन्शनच्या स्पर्श पोर्टलचं लॉगिन, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली नावनोंदणी, तिथलं ओळखपत्र, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं, कार्ड त्याचं आणि बायकोचं, कँटीन कार्ड, दरवर्षीचा हयातीचा दाखला. ती फाईल ट्रंकेत तळाशी ठेवून चालत नाही, वहिनीला ती कुठं आहे आणि तिच्यात काय आहे हे माहीत पाहिजे, तिचं नाव पीपीओत बरोबर लागलंय का हे तिने स्वतः बघितलं पाहिजे. स्पेलिंग चुकलं म्हणून पुढं फॅमिली पेन्शनला हेलपाटे मारणाऱ्या बायका सैनिक कल्याणच्या बाकावर बसलेल्या असतात. आणि हो, माजी सैनिकांच्या घरांना घरपट्टी माफीची योजना 2020 पासून आहे. बघ, सरकारसुद्धा धरून चाललंय की माजी सैनिकाला घर असतं.

तू वाईट माणूस नाहीस. भावासाठी पावणेदोन लाख काढणारा माणूस वाईट कसा असेल, आणि मागची एवढी वर्षं आईला, शेताला, त्याच्या पोरीला तू बघितलंस, ते त्यालाही माहीत असणार. तो तिकडं निवांत ड्यूटी करू शकला ते तू इकडं होतास म्हणून. पण हे तुझं तू ऐकवायला जाऊ नकोस त्याला, निदान ह्या महिन्यात तरी नको.

डीजेवाल्याचा ॲडव्हान्स परत मिळाला तर कपाटाला लाव, नाही मिळाला तर सोडून दे. गावजेवण ठेव, पण महिन्याभराने, तो रुळला की, आणि त्याला विचारून. एसटी पहाटे येईल तेव्हा स्टँडवर तू एकटा जा, मोटरसायकल घेऊन नको, ट्रंक मावणार नाही, कुणाची तरी गाडी माग. ट्रंक तू उचल. सरळ वरच्या खोलीत नेऊन ठेव, हॉलमध्ये टेकवू नको.

आणि फ्लेक्स छापायला गेलाच असेल, आता थांबत नसेल, तर लाव एक चौकात. त्यावर आमदारांचा फोटो दादापेक्षा मोठा नको आणि तुझा तर नकोच.