गिऱ्हाइकाला नेमकं काय बघायचंय? सीसीटीव्हीविषयी वाचकांचे प्रश्न

इचलकरंजीत सीसीटीव्ही बसवण्याचा आणि देखभालीचा व्यवसाय चालवणाऱ्या आमच्या सदरलेखिकेकडे कॅमेऱ्यांविषयी बरीच पत्रं आली. त्यांतली चार या अंकात घेतली आहेत. – संपादक

आयटीआय करून तीन वर्षं दुसऱ्याकडे कॅमेरे बसवले. आता बार्शीत स्वतःचं काम सुरू केलंय. चार कॅमेऱ्यांच्या सेटचं कोटेशन दिलं की गिऱ्हाईक मोबाइलवर ऑनलाइन दर दाखवतं, नाहीतर शेजारच्या दुकानदाराचा दोन हजारांनी कमी दर सांगतं. दर न पाडता टिकता येईल का? – एक तरुण, बार्शी

दर पाडू नका. एकदा पाडायला लागलात की ते पैसे कुठून तरी भरून काढावे लागतात, आणि ते केबलमधून, हार्ड डिस्कमधून, पॉवर सप्लायमधून निघतात. तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल टाकली की लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत पुरेसे व्होल्ट पोहोचत नाहीत. दिवसा चित्र छान दिसतं. रात्री इन्फ्रारेडचे, म्हणजे अंधारात दिसण्यासाठी कॅमेऱ्यातच असलेले दिवे पेटले की कॅमेरा जास्त करंट ओढतो आणि बंद-चालू होत राहतो. काम दिवसा ताब्यात दिलेलं असतं, पैसेही घेतलेले असतात. गिऱ्हाइकाला कळतं ते चोरी झाल्यावर.

बदलायची ती कोटेशन देण्याची पद्धत. ‘चार कॅमेऱ्यांचा सेट’ असं तुम्हीच लिहून दिलंत तर गिऱ्हाईक सेटचीच किंमत करणार, त्याचा काय दोष? मी जागा बघितल्याशिवाय आकडा सांगत नाही. जागेवर गेल्यावर पहिला प्रश्न विचारते, ‘काय झालं?’ कारण हौसेनं कॅमेरा कोणी लावत नाही. काहीतरी घडलेलं असतं किंवा कशाची तरी भीती असते. आमच्याकडे यंत्रमागाच्या शेडचे मालक येतात आणि आठ कॅमेरे हवेत म्हणतात. बसून बोलल्यावर कळतं, की रात्रपाळीत सुताची बाचकी कमी होताहेत. मग सगळे कॅमेरे मागांवर रोखून उपयोग काय? माल ज्या दारातून बाहेर जातो ते दार, टेम्पो लागतो ती जागा आणि गोदामाचं कुलूप, एवढं नीट दिसायला हवं. अशा वेळी आठांच्या जागी चार चांगले कॅमेरे सांगावेत. बिल लहान होतं, पण तोच मालक दुसरी शेड बांधताना तुम्हालाच बोलावतो आणि भावकीतल्या दोघांना तुमचा नंबर देतो. या धंद्यात जाहिरात म्हणतात ती हीच.

दुसरा प्रश्न: माणूस आलाय एवढं कळायला हवं, की तो कोण हे ओळखता यायला हवं? सगळं गणित इथे बदलतं. सर्रास लावला जाणारा २ मेगापिक्सेलचा, २.८ मिमी लेन्सचा कॅमेरा घ्या. दहा मीटरवर तो साधारण २४ मीटर रुंदीचं दृश्य दाखवतो. चित्राची रुंदी १९२० पिक्सेल, म्हणजे एका मीटरला ८० पिक्सेल आले. अनोळखी माणसाची खात्रीनं ओळख पटवायला आंतरराष्ट्रीय मानकानुसार मीटरला २५० पिक्सेल लागतात. म्हणजे त्या कॅमेऱ्यात चोर दिसेल, पण चेहऱ्याच्या जागी डाग दिसेल. त्याच ठिकाणी ६ मिमी लेन्सचा ४ मेगापिक्सेल कॅमेरा लावलात तर दृश्याची रुंदी नऊ-साडेनऊ मीटरवर येते आणि काम होतं, मात्र बाजूचं अंगण सुटतं. काय हवं ते गिऱ्हाइकानं ठरवायचं, पण ते त्याच्यापुढे मांडणं आपलं काम आहे. मी दोन्ही लेन्स बरोबर नेते, शिडी लावते आणि मालकाला त्याच्याच फोनवर दोन्ही चित्रं दाखवते. शक्यतो दिवेलागणीनंतर. गाडीचा नंबर हवा असेल तर त्यासाठी खाली, वाहनाच्या समोर, अरुंद कोनाचा वेगळा कॅमेरा लागतो हेही तेव्हाच स्पष्ट सांगा.

एवढं बोलणं झालं की कोटेशन लिहा आणि त्यात सगळं येऊ द्या: केबल शुद्ध तांब्याची, डिस्क चोवीस तास रेकॉर्डिंगसाठी बनवलेली, किती दिवसांचं रेकॉर्डिंग मिळेल, जोड कोणत्या डब्यात बंद असतील, तक्रार आल्यावर किती तासांत माणूस येईल. केंद्र सरकारनं ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेनं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक केल्या आहेत, तेव्हा मॉडेल नंबरही लिहा. गिऱ्हाइकाला सांगा, ‘शेजारच्याकडूनही एवढंच लिहून घ्या आणि मग दर बघा.’ कोणी ऑनलाइन घेतलेला कॅमेरा आणून दिला तर नाक मुरडू नका. बसवण्याची मजुरी घ्या आणि वस्तूची हमी आपली नाही हे बिलावर लिहा. हाच माणूस पुढच्या वेळी तुमच्याकडून माल घेतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

खरी कसोटी पुढची. वळवाच्या विजांनी रेकॉर्डर आणि राउटरचे पोर्ट जातात, पहिल्या पावसात उघडे सोडलेले जोड पाणी पितात. जूनच्या आधी प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाकडे चक्कर मारा, अर्थिंग बघा, जोड बघा, काच पुसा. इन्फ्रारेडच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि मग रात्रभर जाळं हलतं आणि मालकाच्या फोनवर सूचना वाजत राहतात. मागांच्या शेडमध्ये तर कापसाचे तंतू काचेवर बसतात आणि रात्री पडदा पांढरा होतो, म्हणून तिथे मी घुमटाच्या आकाराचे डोम कॅमेरे लावत नाही. ही माहिती कॅटलॉगमध्ये नसते, ती फिरूनच मिळते. तुमच्याकडे तीन वर्षांचा हात आहे, तो दर पाडण्यात घालवू नका.

आमच्या सोसायटीत सोळा कॅमेरे आहेत. दुचाकी चोरीला गेली, पोलिसांनी फुटेज मागितलं, तर रेकॉर्डरमध्ये फक्त अकरा दिवसांचं निघालं. चोरी त्याआधीची होती. जुना कंत्राटदार ॲडमिन पासवर्डही देत नाही, नवं वार्षिक कंत्राट केलंत तरच देतो म्हणतो. काय करावं? – सचिव, गृहनिर्माण सोसायटी, डोंबिवली

अकरा दिवसांचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा चित्र दाबून लहान करण्याच्या आजच्या एच.२६५ पद्धतीत सेकंदाला सुमारे २ मेगाबिट लिहितो. आठ मेगाबिटचा एक मेगाबाइट, म्हणजे दिवसाचे २१.६ जीबी झाले. सोळा कॅमेऱ्यांचे ३४५ जीबी. तुमच्या रेकॉर्डरमध्ये बहुधा ४ टीबीची डिस्क आहे, ती साडेअकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसून नवं लिहू लागते. महिनाभराचं हवं असेल तर १० टीबीच्या वर जागा लागेल. बसवणाऱ्यानं हा हिशेब तुमच्यासमोर मांडायला हवा होता. आता नवी डिस्क घेताना रेकॉर्डर तेवढी क्षमता घेतो का, हे आधी तपासून घ्या.

पासवर्डविषयी माझं मत ठाम आहे. कॅमेरे तुमचे, रेकॉर्डर तुमचा, त्यात चित्रित होणारी बायकामुलं तुमची. पासवर्ड अडवून कंत्राट मागणं ही अडवणूक आहे आणि आमच्या व्यवसायाला त्यानं काळिमा लागतो. सोसायटीच्या लेटरहेडवर लेखी मागणी करा, मुदत द्या. नाही दिला तर खरेदीचं बिल आणि यंत्राचा सीरियल नंबर घेऊन उत्पादक कंपनीच्या सेवा केंद्राकडे जा. मालकी सिद्ध झाली की पासवर्ड बदलून मिळण्याची सोय असते. नंतर मोबाइल ॲपचं खातं कोणाच्या नंबरावर आहे ते बघा. ते कंत्राटदाराच्या नंबरावर असेल तर तुमचा जिना तो घरी बसून बघू शकतो. खातं सोसायटीच्या नावानं नव्यानं उघडा.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या तपासणी खोलीतली चित्रफीत इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. सहज ओळखता येणारा पासवर्ड तसाच ठेवलेला होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये कारखान्यातले पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन मिराई नावाच्या प्रोग्रामनं अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या होत्या. आमच्याकडे काम संपलं की पासवर्ड मालक स्वतः टाकतो, आमची कामावरची मुलं तेव्हा पाठ फिरवून उभी राहतात. दुरुस्तीला आत जायचं असेल तर मालकाला विचारून, त्याच्यासमोर. पासवर्ड आपल्याकडे ठेवून गिऱ्हाईक बांधून राहत नाही. वेळेवर फोन उचलला तर राहतं.

पोलिसांना फुटेज देण्याबद्दलही लिहिते, कारण पुढच्या वेळी उपयोगी पडेल. घटना कळल्याच्या दिवशीच तेवढा भाग पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि रेकॉर्डरचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती मागे-पुढे आहे ते लिहून ठेवा. न्यायालयात प्रत द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलचा हॅशही, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा तिचा ओळख-आकडाही, नोंदवावा लागतो. या प्रमाणपत्राचा आग्रह सर्वोच्च न्यायालयानं जुन्या कायद्याखाली १४ जुलै २०२० च्या निकालात पक्का केला. तो खटला आपल्या जालन्याच्या २०१४ मधल्या विधानसभा निवडणुकीचा होता आणि वाद होता उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हे दाखवणाऱ्या व्हिडिओचा. देखभाल कंत्राट नव्यानं देताना ‘फुटेज काढून देणे आणि प्रमाणपत्रासाठी सहकार्य करणे’ हे कलम घालून घ्या.

जत तालुक्यात द्राक्षबाग आहे. तिथे वायफाय नाही, विजेचा भरवसा नाही. कॅमेरा चालेल का? – एक शेतकरी

चालेल. सिम कार्ड आणि सोलर पॅनेल असलेला कॅमेरा घ्या. आधी कॅमेऱ्याच्या जागेवर उभं राहून, ज्या कंपनीचं सिम टाकणार तिच्या फोनवर व्हिडिओ कॉल करून बघा. अडकला तर कंपनी बदला. पॅनेल दक्षिणेकडे आणि झाडाच्या सावलीबाहेर. नुसती हालचाल टिपणारा घेऊ नका, वेलीची पानं हलली की फोन वाजेल. माणूस ओळखणारी सोय असलेला घ्या. फवारणी करताना काच झाकायला विसरू नका, औषधाचे थेंब वाळले की रात्रीचं चित्र धुरकट होतं. आणि एका कॅमेऱ्यात सगळी बाग दिसणार नाही. शेडमधली मोटर आणि स्टार्टर, औषधं आणि आत येण्याची वाट दिसली तरी पुष्कळ.

मी एकटी राहते. वय बहात्तर. मुलगा बंगळुरूला असतो. त्याला माझ्या खोलीत आणि स्वयंपाकघरात कॅमेरा बसवायचाय. तो काळजीनं म्हणतोय हे मला कळतं, पण मला ते नको वाटतं. मी हट्टी आहे का? – रत्नागिरी

काकू, तुम्ही हट्टी नाही. स्वतःच्या घरात कोणी बघत नसावं असं वाटणं हा तुमचा हक्क आहे. अशा घरांत पैसे मुलगा देतो, म्हणून बसवणारे त्याचंच ऐकतात. माझ्या लेखी, कॅमेऱ्यासमोर जो राहणार तोही माझं गिऱ्हाईक. त्यानं हो म्हटल्याशिवाय मी भिंतीला भोक पाडू देत नाही. पैसे देणारा चिडला तरी चालेल.

मुलाला विचारा, त्याला नेमकी भीती कशाची आहे. अनोळखी माणूस दारात येईल ही असेल, तर बोलता येणारी व्हिडिओ बेल आणि अंगणाकडे तोंड केलेला एक कॅमेरा पुरे. तुम्ही पडाल आणि कोणाला कळणार नाही ही असेल, तर कॅमेऱ्यापेक्षा गळ्यात घालायचं संकटाचं बटण बरं, कारण पाय न्हाणीघरात घसरतो आणि तिथे कॅमेरा कोणीच लावू नये. सकाळी तुम्ही उठलात एवढंच त्याला कळायला हवं असेल, तर स्वयंपाकघराच्या दाराला उघड-बंद कळवणारा छोटा सेन्सर बसतो. दार उघडलं की त्याच्या फोनवर नोंद होते, चित्र काहीच जात नाही.

अंगणातला कॅमेरा शेजाऱ्यांच्या पडवीत डोकावणार नाही असा फिरवून घ्या. बहुतेक कॅमेऱ्यांत नको तो भाग काळा करता येतो, तेही करायला सांगा. ॲप तुमच्याही फोनवर हवं आणि कोण कधी बघू शकतं ते तुम्हाला माहीत हवं. तुमच्याकडची खारी हवा आणि पाऊस बघता कॅमेरा पागोळीच्या आत, सगळे जोड बंद डब्यात, केबल डब्याखालून वळवून वर आत घेतलेली. बसवणारा येईल तेव्हा मुलगा फोनवर असला तरी अंगणात तुम्ही स्वतः उभ्या राहा आणि काय दिसावं, काय दिसू नये ते तुम्हीच सांगा.