मुंबईच्या शूटची डेट, कॉलेजची हजेरी आणि घरची गोष्ट

मॉडेलिंग करणाऱ्या कोकणातल्या कॉलेजच्या मुलामुलींची, कधी त्यांच्या घरच्यांची पत्रं आता नेमाने येतात. प्रश्न कामापासून सुरू होतो आणि दोन ओळींनंतर घरात शिरतो. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. नावं काढली आहेत, तालुके राहू दिले आहेत.

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीपासून साड्या आणि दागिन्यांच्या कॅटलॉगचं काम मिळतंय. रात्रीच्या गाडीने मुंबईला जाते, दिवसभर शूट करते, रात्री परत गाडी. सर म्हणतात, दोन्हींतलं एक निवड. आईबाबांनी सगळं माझ्यावर सोडलंय. लहानपणापासून त्यांचं हेच, कधी कुणी ओरडलं नाही. त्यामुळे मी चुकतेय की बरोबर आहे, तेच कळत नाही.

उत्तर : निवडण्याआधी दिवस मोज. मुंबई विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के हजेरी लागते. एका सत्रात शिकवण्याचे ९० दिवस धरले तर तुझ्या हातात २२ दिवस येतात. त्यातले आठ आजारपण, गणपती आणि पावसासाठी बाजूला ठेव. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या सावकाश धावतात आणि कुठे दरड आली तर पहाटे उतरणारी तू दुपारी उतरतेस, हे तुला सांगायला नको. उरले चौदा. एका शूटमागे तुझे कॉलेजचे दोन दिवस जातात : एक शूटचा, दुसरा परतल्यावर झोपेत जाणारा. म्हणजे सत्राला सात कामं. आठवं काम सुट्टीत असेल तरच घे.

प्रॅक्टिकलचा दिवस मात्र कुठल्याही शूटला देऊ नकोस. लेक्चरच्या नोट्स मैत्रिणीकडून मिळतात, टायट्रेशनसारखा प्रयोग तिच्या वहीतून शिकता येत नाही. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, सर्टिफाय झालं नाही तर परीक्षेच्या तोंडावर अडायला होतं, ते वेगळंच.

सत्राच्या पहिल्या आठवड्यातच तुला शूट मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरला न जमणाऱ्या तारखा लिहून पाठव. प्रॅक्टिकल, अंतर्गत परीक्षा, सत्र परीक्षा, सगळ्या. तो नाराज होईल, काम दुसरीला देईल, ही भीती जवळजवळ सगळ्यांनाच असते. खरं तर त्याचं डोकं फिरतं ते शूटच्या आदल्या रात्री नाही म्हणणाऱ्यांमुळे. दिवाळीचे आणि लग्नसराईचे कॅटलॉग काही महिने आधी शूट होतात, त्यामुळे डेट ब्लॉक, म्हणजे शूटची तारीख पक्की, करण्याआधी बोलायला वेळ असतो. नुसत्या ऑडिशनसाठी मुंबई गाठणं तर बंदच कर. साध्या भिंतीपुढे, खिडकीच्या उजेडात तोंड करून सेल्फ टेप, म्हणजे स्वतःचा व्हिडिओ, काढ आणि पाठव. आणि गाडीतून उतरून थेट मेकअपच्या खुर्चीत बसू नकोस. आदल्या दिवशी कॉलेज झाल्यावर निघ, रात्र नातेवाइकांकडे काढ. आपल्याकडच्या कुठल्या घराचं कुणी डोंबिवलीला नाहीतर लालबागला नाही?

आता घराचं. कुणी ओरडत नाही म्हणजे कुणाचं लक्ष नाही, असं धरू नकोस. पण ‘मी काय करू?’ असं विचारलंस तर तुझे आईबाबा पुन्हा तुझ्यावरच सोडतील, कारण त्यांना तेच आदराचं वाटतं. त्यांच्यापुढे हा दिवसांचा कागद ठेव आणि विचार, ‘ह्यात माझं कुठे चुकतंय?’ असा प्रश्न आला की मोकळीक देणारी माणसंही नेमकं बोलतात. सरांनाही तोच कागद दाखव. ‘एक निवड’ म्हणणाऱ्या शिक्षकांना बहुतेक वेळा आपला विद्यार्थी मधेच गळेल एवढीच काळजी असते. हिशोब मांडलेला दिसला की त्यांचा सूर बदलतो.

प्रश्न : मी कुडाळ तालुक्यातला, १९ वर्षांचा, बीएला आहे. बाबा दशावतारी नाटकात स्त्रीपार्ट, म्हणजे बायकांच्या भूमिका, करतात. शाळेत त्यावरून चिडवायचे, कॉलेजातही चिडवतात. वर्षभरापासून हातमागाच्या कपड्यांसाठी मॉडेलिंग करतोय. आता फोटोग्राफरला माझं आणि बाबांचं एकत्र शूट हवंय : बाबा साडीत, मी कुर्त्यात. म्हणतो, गोष्ट जबरदस्त आहे. आई म्हणते, पैसे बरे मिळतायत. बाबा ‘बगूया’ एवढंच म्हणतात. मला ते आवडत नाहीये, पण का आवडत नाही हे सांगता येत नाही.

उत्तर : तुला खटकतंय ते बरोबरच आहे. तू सांगतोस त्या शूटमध्ये बाबांना कलाकार म्हणून जागाच नाही. तुझ्या चेहऱ्यामागे लावायची एक नवलाई म्हणून त्यांना बोलावलं जातंय. आणि ती नवलाई ज्या गोष्टीची, तिच्यावरूनच तू इतकी वर्षं चिडवून घेतलंस.

तुझे बाबा काय करतात ते फोटोग्राफरला कदाचित ठाऊक नसेल, तर आधी तू त्याला सांग. तुळशीची लग्नं लागली, गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की पावसाळा तोंडावर येईपर्यंत त्यांच्या रात्री देवळासमोर जातात. रंगभूषा स्वतःची स्वतः करायची. हातात लिहिलेले संवाद नसतात. आख्यान, म्हणजे पुराणातलं कथानक, ठरतं आणि समोरच्या पात्राच्या बोलण्यावर तिथल्या तिथे बोलणं रचायचं असतं, पेटी आणि मृदंगाच्या अंगाने. लुगड्याचा काष्टा सांभाळत, चाल न मोडता, पहाटेपर्यंत. ह्याला मी अव्वल दर्जाचं व्यावसायिक काम म्हणते. कॅमेऱ्यापुढे हात कुठे ठेवायचे हे तुला पहिल्याच शूटमध्ये उमगलं असेल, तर ते कुणाला बघत मोठा झालास म्हणून, ह्याचाही एकदा विचार कर.

शूट करूच नये असं मी म्हणत नाही. पण मग ते बाबांच्या अटींवर व्हावं. त्यांचा करार वेगळा, मानधन वेगळं. साडी नेसलेला कुणीही पुरुष म्हणून ते उभे राहणार नाहीत. कुठल्या आख्यानातली कुठली भूमिका, हे ते ठरवतील. फोटोखाली त्यांचं आणि त्यांच्या दशावतार मंडळाचं नाव यायला हवं, आणि फोटोसोबत जाणारा मजकूर छापण्याआधी त्यांना वाचायला मिळायला हवा. फोटो किती महिने आणि कुठे कुठे वापरणार हे लिहून घ्या, आणि ते फोटो संगणकाला देऊन नवे चेहरे, नव्या प्रतिमा बनवणार नाही, हेही लिहून घ्या. मंडळाच्या मालकांच्या कानावर घालायला विसरू नका. शूट जत्रांच्या ऐन हंगामात नको. रात्रभर उभं राहिलेल्या माणसाला सकाळी लाइटखाली बसवू नये.

ह्यातलं काहीही मान्य करताना फोटोग्राफर कुरकुरला तर तुला उत्तर मिळालं. आणि बाबा नुसतं ‘बगूया’ म्हणत असतील तर तो होकार धरू नकोस. आई समोर नसताना, तू आणि ते दोघंच असताना विचार, पैशांचा विषय न काढता.

चिडवणाऱ्यांचं म्हणशील तर त्यांना समजावत बसू नकोस. आता पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, असतात. तुझ्या विषयात बसत असेल तर बाबांच्या मंडळावर प्रोजेक्ट कर. मंडळाच्या सामानाचा पेटारा कसा भरतात, आख्यान कसं ठरतं, नवा मुलगा स्त्रीपार्टात कसा तयार होतो, हे सगळं तुझ्या घरात आहे आणि नीट नोंदवलेलं फार थोडं आहे. ते काम मला कुठल्याही कॅटलॉगपेक्षा मोलाचं वाटतं.

प्रश्न : माझी नात तीन वर्षांची असल्यापासून गुहागरला माझ्याजवळ आहे. मुलगा-सून मुंबईला. ती आता सतरा वर्षांची, बारावीला. एका एजन्सीने फोटो बघून बोलावलं. पोर्टफोलिओचे, म्हणजे फोटोंच्या संचाचे, चाळीस हजार भरा आणि तीन वर्षांच्या करारावर सही करा म्हणतात. आई-वडील नसले तरी आजीची सही चालेल म्हणाले. करू का सही?

उत्तर : आजी, सही करू नका आणि पैसेही देऊ नका. अठरा पूर्ण होण्याआधी मुलीने स्वतः केलेला करार कायद्याने धरला जात नाही. तिच्या वतीने सही करायची तर नैसर्गिक पालक म्हणजे आई-वडील. तुम्ही तिला वाढवलंत, तिचं सगळं तुम्हीच केलंत, तरी न्यायालयाने पालक म्हणून नेमल्याशिवाय तुमच्या सहीला तो अर्थ येत नाही. ‘आजीची चालेल’ म्हणणाऱ्याला एक तर हे माहीत नाही, किंवा चांगलं माहीत आहे. दोन्हीकडून तो कामाचा नाही.

धंद्याची सरळ रीत अशी की एजन्सी काम मिळवून देते आणि मिळालेल्या मानधनातून आपलं कमिशन कापते. आधी पैसे मागणाऱ्याची कमाई तुमच्या चाळीस हजारांतच झालेली असते, मग तो काम कशाला शोधेल? सुरुवातीला मेकअपशिवाय काढलेले साधे फोटो पुरतात : समोरून, बाजूने, उभं राहून. ते घरच्या अंगणात निघतात.

फेब्रुवारी-मार्चची बोर्डाची परीक्षा होऊ द्या. नंतर मुलगा-सून आणि तुम्ही मिळून बोला. सेटवर घरचं माणूस बरोबर असेल, ही अट पहिल्याच फोनला सांगा. आणि ऑनलाइन काही रक्कम ह्याआधीच गेली असेल तर वेळ न घालवता १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

प्रश्न : मी वेंगुर्ल्याची. आईने लग्न न करता मला वाढवलं. कॉलेजचं ठीक चाललंय, पण परदेशातल्या एका शूटसाठी पासपोर्ट आणि पॅन काढायचंय, आणि प्रत्येक अर्जात वडिलांचं नाव. सेटवरही सगळे विचारतात, वडील काय करतात?

उत्तर : कागदांचा प्रश्न सुटलेला आहे. पासपोर्टसाठी डिसेंबर २०१६ पासून आई किंवा वडील, कुणा एकाचं नाव पुरतं. एकट्या आईने वाढवलेल्यांना डिसेंबर २०१८ पासून पॅनच्या अर्जात वडिलांचं नाव बंधनकारक नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला वडिलांचं नाव उघड न करता मुलाचं पालकत्व मागता येतं, असा निर्णय दिला. खिडकीवरचा माणूस अडून बसला तर ‘नियम दाखवा’ म्हणायचं आणि वरिष्ठांना भेटायचं. आवाज चढवायची गरज पडत नाही.

सेटवर ‘घरी मी आणि आई’ एवढं पुरे. एजन्सीला करारासाठी तुझं नाव, पत्ता, पॅन आणि बँक खातं लागतं. घराचा इतिहास लागत नाही. उद्या कुणी मुलाखतीत आईबद्दल विचारलं तर किती सांगायचं हे आईला विचारून ठरव, ती गोष्ट तिचीही आहे.

प्रश्न : आईबाबा मुंबईच्या नोकऱ्या सोडून राजापूरजवळ शेती करायला आले. मी शाळेत गेलोच नाही, दहावी-बारावी एनआयओएस ह्या राष्ट्रीय मुक्त शाळेच्या मंडळातून दिली. आता रत्नागिरीत बीकॉमचं पहिलं वर्ष. बेल, हजेरी, वर्गात परवानगी मागून पाणी प्यायला जाणं, जीव गुदमरतो. मॉडेलिंगमध्ये मोकळं वाटतं. आईबाबा म्हणतात, नको वाटत असेल तर सोड पदवी.

उत्तर : तुझा जीव गुदमरतो ह्यात खोटं काही नाही. सतरा वर्षं ज्याने स्वतःचा दिवस स्वतः आखला त्याला बेल बोचणारच. पण सेटवरही कॉल टाइम, म्हणजे हजर व्हायची ठरलेली वेळ, असतो. क्लायंट सांगेल तिकडे बघायचं, सांगेल तेव्हा जेवायचं. तिथे तुला मोकळं वाटतं कारण ते संध्याकाळी संपतं. तेच काम महिन्याचे वीस दिवस करायला लागलास की काय वाटेल, हे अजून तुला ठाऊक नाही.

तुझ्या आईबाबांबद्दल मला आदर आहे. पण त्यांनी नोकऱ्या सोडल्या तेव्हा त्यांच्या हातात शिक्षण होतं, अनुभव होता. मन फिरलं असतं तर परत जायला वाट होती. तुझ्याकडे ती अजून तयार व्हायची आहे, आणि हे त्यांच्याशी उघड बोल. त्यांनी तुला प्रश्न विचारायला शिकवलं असेल, तर हा प्रश्न त्यांनाही झेपेल.

मधल्या वाटा आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाखाली मिळवलेली क्रेडिट ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ ह्या ऑनलाइन खात्यात जमा राहतात. पहिलं वर्ष पूर्ण करून ठरलेली जादा क्रेडिट मिळवली तर सर्टिफिकेट घेऊन थांबता येतं आणि पुढे परत येता येतं. वर्गच नको असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षणही आहे. घरी बसून अभ्यास करायची शिस्त बाकीच्यांना तिथे नव्याने लावावी लागते, तुझ्याकडे ती आहे. वर्ष अर्ध्यावर टाकलंस तर मात्र त्या सत्राचं हाती काही राहत नाही.

आणि बीकॉमला आहेसच, तर स्वतःच्याच पैशांपासून सुरुवात कर. मॉडेलिंगच्या मानधनातून साधारणपणे १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतलेला आयकर, कापला जातो. तो तुझ्या पॅनवर खरंच भरला गेलाय का, हे आयकराच्या संकेतस्थळावर बघ. वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून ती रक्कम परत मिळते. हे रिटर्न पहिल्यांदा स्वतः भर, अडलं तर अकाउंट्सच्या सरांकडे कागद घेऊन जा. ह्या वर्षाची दोन्ही सत्रं दे. निकाल लागल्यावर मुक्त विद्यापीठाचा विचार पक्का असेल, तर राजापूरला घरी बसून आईबाबांसमोरच तो अर्ज भर.