‘सहीपुरती’ डायरेक्टर होऊ का?

प्रश्न: दिरांची नाशिकला अंबडमध्ये प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. भागीदार बाहेर पडल्यामुळे ते म्हणतात, ‘वहिनी, फक्त सहीपुरत्या डायरेक्टर व्हा, हिशेब सीए बघतात.’ बँकेच्या 60 लाखांच्या कर्जाला हमीदारही राहायचं आहे. माझ्या नावावर फ्लॅट आणि 12 लाखांची एफडी आहे. काय करू?

उत्तर: ताई, डायरेक्टर होऊ नका, आणि हमीपत्रावर तर मुळीच सही करू नका.

खरा धोका हमीचा आहे. कंपनी ‘लिमिटेड’ असली तरी हमीदाराला त्याचा आडोसा मिळत नाही. कर्ज थकलं तर आधी कंपनीची मशिनरी विकलीच पाहिजे असं बँकेवर बंधन नसतं. ती थेट तुमच्याकडे येऊ शकते. फ्लॅट गहाण नसला तरी वसुलीत जप्त होऊ शकतो. कंपनी दिवाळखोरीत जाऊन तिची देणी मिटवण्याचा आराखडा मंजूर झाला तरी हमीदार आपोआप सुटत नाही, हे सुप्रीम कोर्टाने मे 2021 मध्ये स्पष्ट केलंय. उद्या डायरेक्टरपदाचा राजीनामा दिलात तरी त्या कर्जाची हमी मानेवर राहतेच.

आणि ‘सहीपुरता’ डायरेक्टर कायद्यात नाहीच. प्रायव्हेट कंपनीचा थकलेला आयकर कंपनीकडून वसूल झाला नाही, तर त्या काळातल्या डायरेक्टरांकडून मागता येतो. आपला गंभीर हलगर्जीपणा नव्हता, हे डायरेक्टरनेच सिद्ध करायचं. एकही मीटिंग न बघता सह्या केलेल्या माणसाला ते फार जड जातं. सलग तीन वर्षं वार्षिक विवरणपत्रं भरली नाहीत, तर डायरेक्टर होण्यास पाच वर्षांची अपात्रता. सीए ऑडिटर म्हणून हिशेबांवर मत देतात, पण ते हिशेब खरे असण्याची जबाबदारी कंपनी कायद्याच्या कलम 134 नुसार संचालक मंडळाची असते.

दिरांची अडचण मात्र खरी आहे. प्रायव्हेट कंपनीला किमान दोन डायरेक्टर लागतात. रोज कारखान्यात असणारा, व्यवहार कळणारा माणूस त्यांनी घ्यावा. एकट्यालाच चालवायची असेल, तर वन पर्सन कंपनीत रूपांतराबद्दल सीएंना विचारावं.

पैशाची मदत करायची असेल तर तुमच्या एफडीतून नको. डायरेक्टरच्या नातेवाइकांकडून कंपनी कर्ज घेऊ शकते, पण कायद्यातल्या नातेवाइकांच्या यादीत भाऊ आहे, भावजय नाही. म्हणून रक्कम तुमच्या यजमानांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत द्यावी आणि ‘हे पैसे उसने घेतलेले नाहीत’ असं लेखी निवेदन कंपनीला द्यावं. बुडाली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही, इतकीच द्यावी.