पूर्ण भूलच द्या, असे म्हणणाऱ्या काकू

पापण्यांच्या सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी येणारे बहुतेक जण खर्च आणि व्रण यांच्याही आधी एकच गोष्ट विचारतात: डोळ्यांवर काम चालू असताना आपण जागे असू का, आणि असलो तर सगळे दिसेल का? पुण्यात शस्त्रक्रियेपूर्वीचे समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला होता की त्याचे उत्तर मला तोंडपाठ झाले होते. ते उत्तर देण्याची घाई मी सोडली ती कोथरूडहून आलेल्या एका काकूंमुळे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

काकू ६२ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. वरच्या पापण्यांची कातडी सैल होऊन पार कडेपर्यंत उतरली होती, त्यामुळे चेहरा सतत दमलेला दिसे. सर्जननी फक्त वरच्या पापण्या करायचे ठरवून जागेपुरती भूल (रुग्णाला न झोपवता तेवढाच भाग बधिर करणे) सुचवली होती. काकूंनी मात्र माझ्यासमोर बसताच सांगितले, “पूर्ण भूलच द्या, नाहीतर मला हे करायचेच नाही.” हे बोलताना चष्म्याच्या घराचे झाकण त्या सारखे उघडून मिटत होत्या. सोबत आलेल्या सूनबाईंचेही मत तेच होते: “आईंना झोपवूनच टाका ना, कळणारच नाही काही.”

मी नेहमीप्रमाणे समजावू लागले. जागेपुरत्या भुलीत लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध आणि अ‍ॅड्रेनॅलिन यांचे मिश्रण अगदी बारीक सुईने पापणीच्या कातडीखाली देतात. एका पापणीला एक-दोन मिलीलिटर सहसा पुरते. हे औषध किंचित आम्लधर्मी असल्यामुळे पहिले काही सेकंद चांगलेच चुरचुरते, आणि हे मी कधीही लपवत नाही, कारण ‘काहीच दुखणार नाही’ असे ऐकून आलेला माणूस त्या क्षणी आपला विश्वास गमावतो. अ‍ॅड्रेनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तस्राव कमी होतो, म्हणून इंजेक्शननंतर सर्जन साधारण दहा मिनिटे थांबतात. त्यानंतर वेदना जाते, पण स्पर्श आणि ओढ जाणवत राहते. पापण्या मिटलेल्या असल्यामुळे सुरी दिसत नाही, वरच्या दिव्याचा नारिंगी उजेड तेवढा जाणवतो. शिवाय रुग्ण जागा असल्याचा फायदा असा की, सर्जन मध्येच डोळे उघडायला सांगून दोन्ही पापण्या सारख्या उचलल्या जातात का, हे तिथल्या तिथे पाहू शकतात.

“जागेपणी डोळा बधिर करणे हे नवीनच आहे ना?” काकूंनी विचारले. मी सांगितले की जागेपुरत्या भुलीची सुरुवातच डोळ्यापासून झाली: १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या डॉक्टरांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला, आणि पुढे त्याची जागा अधिक सुरक्षित औषधांनी घेतली. काकूंनी शिक्षिकेच्या सवयीने मान डोलावली, पण झाकणाची उघडझाप काही थांबली नाही.

तेव्हा मी माहिती देणे थांबवून विचारले, “काकू, याआधी तुमचे कुठले ऑपरेशन झाले आहे का?”

तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचे झाले होते. दुखले अजिबात नव्हते. “पण कपाळापासून छातीपर्यंत कापड टाकले हो, फक्त एक डोळा उघडा. माझा श्वास कोंडला, आणि हलू नका म्हणाले म्हणून वीस मिनिटे रामनाम घेत पडून राहिले. घरी कुणाला सांगितले नाही.” सूनबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

म्हणजे सुई, सुरी, जाग यांपैकी कशाचीच भीती नव्हती. भीती कापडाची होती, आणि तिच्यावर उपाय म्हणून त्या पूर्ण भूल मागत होत्या. वरच्या पापण्यांच्या शस्त्रक्रियेत दोन्ही बाजू ताडून पाहाव्या लागत असल्याने बहुधा सगळा चेहरा स्वच्छ करून उघडाच ठेवतात. मी लगेच सर्जनना फोन करून खात्री केली आणि नाक-तोंड मोकळे राहील असे त्यांच्याच तोंडून काकूंना ऐकवले.

पूर्ण भूल कधीच नको, असे माझे म्हणणे नाही. लहान मुले, स्थिर पडून राहू न शकणारे रुग्ण किंवा चेहऱ्याची मोठी शस्त्रक्रिया सोबत असेल तेव्हा तीच योग्य ठरते. पण त्यातून जागे होताना खोकला किंवा उलटी झाली तर डोळ्यांवर ताण येऊन रक्तस्राव वाढू शकतो, हे फक्त वरच्या पापण्यांसाठी ती मागणाऱ्याला माहीत असायला हवे.

मधला मार्ग सलाईनमधून दिल्या जाणाऱ्या गुंगीच्या औषधाचा. त्यासाठी भूलतज्ज्ञ काकूंशी स्वतंत्रपणे बोलले. त्या घोरतात हे सूनबाईंनी सांगितले ते फार बरे झाले, कारण अशा माणसाला गुंगी जास्त झाली तर श्वासमार्ग अडू शकतो. शिवाय वयस्क माणूस अर्धवट गुंगीत गोंधळून हात चेहऱ्याकडे नेण्याचीही शक्यता असते. म्हणून अगदी हलकी गुंगी, हाकेला ओ देता येईल एवढीच द्यायची, असे ठरले. रक्त पातळ ठेवणारी गोळी त्यांना चालू होती. ती स्वतःहून बंद करू नका, हृदयविकारतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतील, हे मी दोनदा बजावले.

शस्त्रक्रियेला तासाभराहून कमी वेळ लागला. मध्ये “काकू, डोळे उघडा, समोर बघा” असे सांगितल्यावर त्यांनी ते नीट उघडले, असे सिस्टरने मला नंतर सांगितले. सहाव्या दिवशी टाके काढायला आल्या तेव्हा पापण्यांवर पिवळट निळी छटा होती. “ती पहिली सुई चुरचुरली हं,” त्या म्हणाल्या, “पण वारा लागत होता नाकाला.”

माझ्या नोंदवहीत आता भुलीच्या पर्यायांच्या आधी एक ओळ असते: तोंडावर कापड आलेले चालते का?