तुमचे प्रश्न: मेहनत तर रोजच करतोय, मग सुटका का होत नाही?

प्रश्न: ताई, मी २६ वर्षांचा आहे, एका मोठ्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे, कॉन्ट्रॅक्टरकडून. बारा तासांची शिफ्ट, वर ओव्हरटाइम सांगितला की नाही म्हणता येत नाही. राहायला कॉन्ट्रॅक्टरनेच दिलेली खोली, आठ जण, दोन्ही शिफ्टचे एकत्र, त्यामुळे कोणी ना कोणी जागं असतंच आणि लाइट कधी बंद होत नाही. भाडं पगारातून कापतात. मधे घरात आजारपण निघालं तेव्हा त्याच्याकडूनच ॲडव्हान्स घेतला, शेकडा पाचने, तो काही फिटत नाहीये. व्हिडिओत सगळे सांगतात मेहनत करा, पहाटे उठा, स्वप्नं मोठी ठेवा. अजून किती मेहनत करू? यातून निघायचं कसं?

उत्तर: आधी हे मनातून काढून टाक की तुझी मेहनत कमी पडतेय. बारा तास उभं राहून काम करणाऱ्याला अजून मेहनत कर म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. अडचण अशी आहे की तुझी सगळी ताकद अशा कामात जातेय जे उद्या परत पहिल्यापासून करायचंय आणि त्यातून तुझ्या हाताशी नवीन काहीच साठत नाही. म्हणून मेहनत वाढवू नकोस, आहे त्यातलीच थोडी काढून दुसरीकडे लाव. आणि कुठे आधी लावायची हा क्रम महत्त्वाचा, तो चुकला की माणूस वर्षभर धडपडतो आणि परत तिथेच येतो.

तुझं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त एक गोष्ट खटकली, की तुझं काम, तुझी खोली आणि तुझं कर्ज, तिन्ही एकाच माणसाच्या हातात आहेत. नोकरी सोडली की खोली गेली, खोली सोडायची तर डिपॉझिट नाही, डिपॉझिट साठत नाही कारण व्याज. तिन्ही एकदम सुटणार नाही, एकेक सोडवावं लागेल, आणि सुरुवात कर्जापासून. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच, वर्षाचे झाले साठ टक्के, आणि व्याज न देता ते मुदलात चढत गेलं तर शंभराचे बारा महिन्यांत जवळपास एकशे ऐंशी होतात. तू कुठलीही बचत केलीस तरी तिच्यावर असं व्याज तुला कोणी देणार नाही, म्हणून कर्ज असेपर्यंत हातात येणारा प्रत्येक जास्तीचा पैसा तिथेच गेला पाहिजे आणि तोही मुदलात. त्याच्याकडून आजपर्यंतचा हिशोब लिहून माग, घेतले किती, कापले किती, उरले किती. तो टाळाटाळ करेल. तू तुझ्या वहीत दर पगाराला लिहायला लाग, तारीख, पगार, भाडं, ॲडव्हान्सचं किती कापलं, आणि पगाराच्या स्लिपचा फोटो काढून ठेव. लिहिलेली वही समोर धरून बोलणाऱ्याशी माणसं वेगळं बोलतात, हे मी खूपदा पाहिलंय. दुसरं म्हणजे हे कर्ज कमी व्याजाच्या ठिकाणी हलवता येतं का बघ, पतसंस्था, बचत गट, बँक, नाहीतर नात्यातलं कोणी जे बिनव्याजी देईल. कर्ज तेवढंच राहिलं तरी सावकार बदलला की तुझी एक दोरी सुटली.

मग झोप. हे वाचून तुला वाटेल ताई काहीतरी फालतू सांगतायत, पण ऐक. १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, माणसाला सलग सतरा तास जागं ठेवलं की त्याचं हात-डोळ्याचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं बिघडतं. तू त्या अवस्थेत काम करून वर शिकायचाही प्रयत्न करतोस आणि मग वाटतं की आपल्याला डोकंच नाही. पैशाच्या ओढाताणीचंही तेच. २०१३ मधे तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास आला, तेच शेतकरी, तोच माणूस, पण ऊस जायच्या आधी हात रिकामा असताना डोक्याच्या चाचणीत मागे पडले आणि ऊस जाऊन पैसे आल्यावर चांगले आले. म्हणजे हुशारी कुठे गेली नव्हती, ती काळजीत अडकली होती. तुझंही तसंच आहे. म्हणून कर्ज उतरायला लागलं की पुढचा खर्च खोलीवर कर, चार जण असले तरी चालेल पण सगळे एकाच शिफ्टचे हवेत आणि रात्री लाइट बंद झाला पाहिजे. खोली बदलणं ही चैन नाहीये, त्याच्यावरच पुढचं सगळं उभं राहणार आहे. तोपर्यंत डोळ्यावर पट्टी, कानात बोळे आणि खोलीतल्या लोकांशी एकदा नीट बोलून ठरवलेली शांततेची वेळ, एवढं तरी कर.

आता शिकायचं काय. लोक इथे घाई करतात, कोणी काही म्हणालं की त्या कोर्सला पैसे भरतात. तू तुझ्याच गोडाऊनमध्ये डोळे उघडे ठेवून बघ की तुझ्यापेक्षा जास्त पगार कोणाला आहे आणि त्याला असं काय येतं जे तुला येत नाही. समज सिस्टिममध्ये एका रॅकवर चाळीस नग दाखवतंय आणि प्रत्यक्षात सदतीसच आहेत. तू पॅकिंगला असतोस तेव्हा तू म्हणतोस तीन कमी आहेत आणि पुढे जातोस. पण ते तीन गेले कुठे हे शोधणारा एक माणूस असतो, तो आधी शेजारचा रॅक बघतो, मग रिटर्नचा माल, मग परवाचं डिस्पॅच, चुकून जास्त गेले का, आणि मग सिस्टिममध्ये दुरुस्ती करतो. हे सायकल काउंटचं, म्हणजे थोडा थोडा माल नियमित मोजून सिस्टिमशी ताळा लावायचं काम, यात ताकद लागत नाही, स्कॅनर, थोडं एक्सेल आणि चिकाटी लागते, आणि हे आलं की दुसऱ्या कुठल्याही गोडाऊनमध्ये चालतं. तसंच फोर्कलिफ्टचं, म्हणजे माल उचलायच्या गाडीचं, त्याचं रीतसर ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट असेल तर कंपनी बदलली तरी ते तुझ्यासोबत येतं. नोकरीच्या जाहिराती रोज वाच आणि जो शब्द परत परत येतो तो वहीत लिही. दहा गोष्टी शिकू नकोस, एकच धर, जी दुसऱ्या मालकाला टेस्ट घेऊन तपासता येईल. शिफ्ट संपल्यावर अर्धा तास त्या माणसाच्या बाजूला उभा राहा, त्याला मदत कर. कोणालाही आपलं काम कोणीतरी मनापासून बघतंय हे आवडतं.

आणि माणसं. तुझ्या खोलीतले आठ जण तुझ्यासाठी जीव देतील पण नवी नोकरी ते देऊ शकत नाहीत, कारण जेवढं तुला माहीत आहे तेवढंच त्यांना. १९७३ मधे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं की ज्याने सांगितलं त्याला तुम्ही किती वेळा भेटायचात. नेहमी भेटणारे फक्त १६.७ टक्के निघाले, बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. म्हणून माल घ्यायला येणारा ड्रायव्हर, दुसऱ्या कंपनीतून मशीन दुरुस्तीला येणारा, आधी तुमच्याकडे होता आणि सोडून गेला तो, यांच्याशी ओळख ठेव, आणि त्यांना नीट शब्दांत सांग की मला स्टॉकचं काम येतं, कुठे जागा निघाली तर कळवा. नुसतं कुठे काही असेल तर बघा म्हणू नकोस, ते कोणाच्याही लक्षात राहत नाही.

विजेवर मोठे शोध लावणाऱ्या मायकल फॅरेडे या शास्त्रज्ञाची गोष्ट मला यासाठीच आवडते. लंडनमधे बुकबाइंडरकडे चौदाव्या वर्षापासून सात वर्षं उमेदवारी, शाळा जवळजवळ नाहीच. १८१२ मधे दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला त्या काळचा नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्याने व्याख्यानांच्या नोट्स काढल्या, स्वतः बांधणी केली आणि डेव्हीला पाठवल्या. लगेच काही झालं नाही. नंतर डेव्हीच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीसाला भांडणावरून काढलं, जागा रिकामी झाली, आणि १८१३ मधे ती फॅरेडेला मिळाली. बघ यात किती गोष्टी त्याच्या हातात नव्हत्या, गिऱ्हाईक भलं निघालं, जागा रिकामी झाली. पण ती बांधलेली वही त्याच्या हातातली होती आणि डेव्हीला तो आठवला तो त्या वहीमुळे.

निघताना घाई करू नकोस. नवीन नोकरीचं लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही, तोंडी शब्दावर तर मुळीच नाही. जुन्या ठिकाणचा शेवटचा पगार अडकू शकतो आणि नवीन ठिकाणी पहिला पगार महिना भरल्यावरच येतो, त्यामुळे मधे जवळजवळ दोन महिने कोरडे जाऊ शकतात, तेवढं जेवण आणि भाडं बाजूला असलं पाहिजे. बरीच पोरं इथेच मोडतात आणि परत त्याच कॉन्ट्रॅक्टरकडे ॲडव्हान्स मागायला जातात. कर्ज, खोली, शिक्षण, नोकरी या सगळ्याला दीड-दोन वर्षं लागू शकतात, मी तुला सहा महिन्यांचं खोटं गाजर दाखवणार नाही.

प्रश्न: मी ४१ वर्षांची, ऑफिसांची साफसफाई करते. एक इन्स्टिट्यूटवाले म्हणतात कॉम्प्युटरचा कोर्स करा, शंभर टक्के नोकरीची गॅरंटी, फी कर्जावर मिळेल. या वयात जमेल का, भरू का पैसे?

उत्तर: वयाचं टेन्शन घेऊ नका, पण कर्ज काढून फी आत्ता तरी भरू नका. आधी त्यांना सांगा की मागच्या बॅचच्या चार जणींशी माझी गाठ घालून द्या. टाळलं तर तिथेच उत्तर मिळालं. मग ज्या ऑफिसात तुम्ही जाता तिथल्याच ॲडमिनच्या माणसाला विचारा, हे सर्टिफिकेट घेऊन कोणी आलं तर तुम्ही घ्याल का? कामावर घेणारा काय म्हणतो ते खरं. आणि नोकरी लावून देतो म्हणून तुमच्याकडूनच पैसे मागणाऱ्या एजंटपासून लांब राहा, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराचं तत्त्वच हे आहे की काही अपवाद सोडले तर एजन्सीने कामगाराकडून फी घ्यायची नाही.

मला स्वतःला वाटतं तुमचा रस्ता कॉम्प्युटरपेक्षा सुपरवायझरकीकडे जवळचा आहे. कुठलं केमिकल किती पाण्यात घालायचं, कुठली दोन कधीच एकत्र करायची नाहीत, कोण गैरहजर असलं तर मजले कसे वाटायचे, हे तुम्हाला येतंच, नवीन मुलीला महिने लागतील. त्याला जोडून हजेरीचा तक्ता आणि सामानाचा हिशोब मोबाइलवर करायला शिका, फुकटचे व्हिडिओ त्यासाठी पुरेत. मग मॅनेजरला सरळ सांगा की पुढची जागा निघाली की मला विचारा, आणि पगार किती वाढेल तेही तेव्हाच विचारा, संकोच नको.

प्रश्न: मी एका घरी राहून मुलं सांभाळते. माझे कागद मॅडमकडे आहेत, सुट्टी नाही, फोन आठवड्यातून एकदाच. मेहनत करून पैसे साठवले की सोडतील का?

उत्तर: बाळा, हा मेहनतीचा प्रश्नच नाहीये. कागद काढून घेणं आणि बाहेरच्यांशी बोलू न देणं, या दोन्ही गोष्टी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या कामाच्या ज्या ११ खुणा सांगितल्यात त्यांत येतात. घरकामगारांसाठी त्याच संघटनेचा २०११ चा जो करार आहे त्यात स्वच्छ म्हटलंय की ओळखीचे आणि प्रवासाचे कागद कामगाराने स्वतःजवळ ठेवायचे आणि आठवड्यात सलग चोवीस तास सुट्टी हवी. जास्त काम करून त्यांना खुश करायचा प्रयत्न करू नकोस. या आठवड्याच्या फोनवर ज्याच्यावर पूर्ण विश्वास आहे अशा एकाच माणसाला घराचा पत्ता आणि तुझ्या कागदांबद्दल सांग, त्याला पोलिसांकडे किंवा कामगार संघटनेकडे जायला सांग, परदेशात असशील तर आपल्या दूतावासाकडे. निघायचा दिवस घरात कोणालाही कळू देऊ नकोस, मुलांनाही नाही. आणि मारहाण होत असेल किंवा कोंडून ठेवत असतील तर फोनच्या दिवसाची वाट बघू नकोस, शेजारी, वॉचमन, दारात येणारं कोणीही, त्यांना सांग की पोलिसांना बोलवा.